अमानित्व आणि साडेनऊची मीटिंग



आज गीतेचा तेरावा अध्याय, सातवा श्लोक (काही प्रतींत आठवा). ज्ञान कशाला म्हणायचं हे भगवंत सांगू लागतात आणि पहिलाच शब्द येतो, अमानित्व. मान मिळावा अशी ओढच नसणं. पाठांतर नाही, तप नाही, सुरुवात इथून. दोन पावलं पुढे अहिंसा. त्या एका शब्दावर माउली ज्ञानेश्वरीत किती वेळ थांबतात! कमळावर भुंगा उतरतो तो केसर चुरगळेल या भीतीने, इतक्या हलक्या पायाने, असा दाखला ते देतात.

हे ऑफिसात कसं आणायचं? माझी मामेबहीण नुकतीच टीम लीड झाली. हाताखाली सहा माणसं. त्यातला एक मुलगा डहाणू तालुक्यातल्या रानशेतचा. आधी रिक्षा, मग डहाणू रोडहून लोकल, मग अंधेरी. शंभरेक किलोमीटर एका बाजूला. साडेनऊच्या मीटिंगला रोज उशीर. वरून निरोप आला, वॉर्निंग मेल पाठव, पुढच्या महिन्यात त्याचं कन्फर्मेशन आहे. ती म्हणाली, "दादा, नमतं घेतलं तर सगळे डोक्यावर बसतील ना?"

मी तिला त्या मुलाच्याच तालुक्यातली गोष्ट सांगितली. ताराबाई मोडक म्हणजे राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या बाई. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात. आळशी म्हणून नव्हे, गुरं कोण राखणार? मग या बायकांनी काय केलं, तर शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत आणि तिथेच मुलं शिकतायत. लहानग्यांसाठी अंगणवाडी निघाली तीही याच विचारातून, मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जाऊ.

यात शिकवणं सोडलं का? नाही. सोडला तो फक्त 'तुम्ही माझ्याकडे या' हा हट्ट. (पदव्या असलेल्या माणसाला तोच सोडणं सगळ्यात जड जातं, असं माझं निरीक्षण आहे.) १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, तरी अनुताईंनी काम पुढे नेलं. काम एका नावाशी बांधलेलं नव्हतं, असा अर्थ मी त्यातून घेतो.

आणि नमतं घेणारा माणूस दुबळाच असतो असं कोणी सांगितलं? धर्मराजाच्या राजसूय यज्ञात पाहुण्यांचे पाय धुवायचं काम कृष्णाने घेतलं. अग्रपूजेचा मान त्याच यज्ञात त्यालाच मिळाला, आणि शिशुपालाचे शंभर अपराध भरल्यावर सुदर्शनही तिथेच सुटलं. पण शंभर मोजले हो त्याने! आपण तिसऱ्यालाच मेलमध्ये एचआरला सीसी करतो.

तर मी तिला म्हटलं, मेल पाठवायच्या आधी फक्त विचार, तुझी गुरं कुठे चरतात? म्हणजे घरून किती वाजता निघतोस, कोणती गाडी मिळते, सकाळी घरात काय काम असतं. सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन. उत्तर ऐकून कदाचित कळेल की तो खरंच टाळतोय, मग स्पष्ट सांग. कदाचित कळेल की आधीची गाडी त्याला गाठताच येत नाही. मग वर जाऊन, "मीटिंग दहाला ठेवू या, कामाची जबाबदारी माझी," हे तुला बोलावं लागेल, आणि त्यात नव्या लीडचा भाव थोडा उतरेल.

ती बराच वेळ गप्प होती. रात्री मेसेज आला, "मेल ड्राफ्टमध्येच ठेवलाय. उद्या दुपारी त्याला चहाला घेऊन जातेय."