टाकीत पाहून घ्या

जिथे असाल तिथे बसा. खांदे सैल सोडा. श्वास चालतोय तसाच चालू द्या.

आता जालन्याच्या आकाशात या. खाली बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा, दुधनेचं पात्र, पुढे जालन्याचे लोखंडाचे कारखाने. तुम्ही सेसना १५२ मध्ये आहात आणि शेजारच्या खुर्चीवर आज प्रशिक्षक नाही. इंजिनाचा आवाज ऐका. थोडा वेळ तोच ऐकत राहा.

हा आवाज वरच्या पंखांतल्या दोन टाक्यांवर चालतो. दोन्ही मिळून वापरता येईल असं पेट्रोल सुमारे ९३ लिटर. मध्ये पंप नाही; आपल्याच वजनाने ते खाली उतरतं. तासाला साधारण २३ लिटर जळतं. समोरून वारा लागला, वाट चुकली, तर कागदावरचा हिशेब मागे पडतो आणि टाकी मात्र तिच्या गतीने रिकामी होत राहते.

म्हणून जमिनीवरच, निघण्याआधी, पंखावरचं झाकण उघडून मापाची काठी आत सोडतात. काटा काय दाखवतो यावर विसंबत नाहीत. उन्हाळ्यात आपल्याकडे दोराला दगड बांधून विहिरीचं पाणी पाहतात, तसंच हे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ मध्ये किलोच्या जागी पौंड धरले गेले. विमान गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं आणि दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली. गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर ते तरंगत उतरलं, सगळे वाचले. एवढ्या मोठ्या, जाणत्या व्यवस्थेतही ही चूक होते. मग पहिल्या-दुसऱ्या एकट्या उड्डाणावर निघालेल्या पोराकडे किंवा पोरीकडे मी कठोर नजरेने पाहू शकत नाही.

आता आवाज थांबला असं समजा. घाबरलात तर घाबरा, पण नाक वर ओढू नका. वेग ६० नॉट. हजार फुटांमागे साधारण अडीच किलोमीटर जमीन तुमच्या हाती आहे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटी निघालेली एक शिकाऊ वैमानिक इंजिनाची ताकद गेल्यावर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरली. विमान मोडलं, ती वाचली. कारण कोणतंही असो, त्या क्षणी उरते ती उंची आणि खालचं एखादं मोकळं रान.

आवाज पुन्हा सुरू करा. आणि अर्धा तास मागे या.

काटा खाली झुकलाय. उतरण्याच्या जागी पोहोचल्यावरही टाकीत अर्ध्या तासाचं इंधन उरलं पाहिजे, असा दिवसाच्या उड्डाणाचा नियम. तुम्हाला तो पाठ आहे. तरी जीभ अडते. प्रशिक्षक काय म्हणतील? बाकीची मुलं पोहोचली, मीच कसा परत जाऊ? इथे थांबा, घाई करू नका. हा संकोच छातीत कुठे बसलाय ते शोधा. माझ्या मते अपघात इथेच सुरू होतो, इंजिन बंद पडण्याच्या बराच आधी. आणि तो एकट्या शिकणाऱ्याचा नसतो. परत आलेल्याला जिथे हिणवलं जातं, त्या प्रत्येक वर्गाचा असतो.

पश्चिमेला चिकलठाण्याची धावपट्टी अजून आवाक्यात आहे. रेडिओचं बटण दाबा आणि मोठ्याने, स्वतःच्या आवाजात म्हणा: माझ्याकडे इंधन कमी आहे, मी आत्ताच उतरायला येतोय.

पुन्हा एकदा म्हणा.