मूल घरातच वाढावं म्हणून

निराधार मूल दिसलं की त्याला 'आश्रमात टाका' असं आपण पटकन म्हणतो. ज्यांनी ही वाट आयुष्य वेचून चालून पाहिली, त्यांचं म्हणणं काळाच्या ओघात पार बदललं आहे.

१८६९ साली थॉमस बोमन स्टीफनसन या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने लंडनच्या लॅम्बेथ भागात रस्त्यावरच्या पोरांसाठी घर उघडलं. तेव्हाचे अनाथाश्रम म्हणजे मोठाली दालनं आणि शेकडो मुलं. स्टीफनसन यांनी मुलं लहान लहान घरांत विभागली, प्रत्येक घराला गृहमाता नेमली. मुलाला छपराइतकंच हक्काचं माणूस लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तरी याच संस्थेने १८७३ पासून मुलं जहाजाने कॅनडाला धाडली. हेतू भला होता, पण आपल्या माणसांपासून दूर नेलं की मुलाचं कल्याण होतं, ही समजूत मला क्रूर वाटते. अशा स्थलांतरित मुलांची ब्रिटनच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती थेट २०१० साली.

आपल्याकडे अनाथाश्रमाची कल्पना दुष्काळाच्या वाटेने रुजली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी. मेथडिस्ट मिशनतर्फे १८८७ साली मुंबईत आलेल्या मिनी अब्राम्स १८९८ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात रमाबाईंच्या मदतीला गेल्या. मुलग्यांची सोय दौंडला अल्बर्ट नॉर्टन यांनी पाहिली. तेही मूळचे मेथडिस्ट मिशनरी. मुक्तीतल्या मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच बायकांच्या हातून छापून निघालं. कालपर्यंत अन्नाला महाग असलेल्या मुलीच्या हाती असं कसब यावं, ही साधी गोष्ट नव्हे.

धर्मांतराचा वाद होताच. दुष्काळाआधीच, १८९३ मध्ये, रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात रण पेटलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आसरा देणाऱ्याने मुलाच्या श्रद्धेला हात लावावा का, हा प्रश्न रास्तच होता. पण दुष्काळात ज्यांचे आई-बापच भुकेने गेले, त्या मुलींना परत पाठवायचं कुठे, याचं उत्तर टीकाकारांपाशीही नव्हतं.

पुढे दुष्काळ ओसरले, आणि संस्थांमध्ये आई किंवा बाप हयात असलेली मुलंच जास्त दिसू लागली. मूल येत होतं ते गरिबीमुळे. मग गरिबीवर इलाज न करता मूलच का हलवायचं? स्टीफनसन यांच्या संस्थेनेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी निवासगृहं बंद करत आणली आणि कुटुंबांना हात देण्याकडे मोर्चा वळवला. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचा पर्याय मानला आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यातल्या महाळुंग्यासारख्या गावात ही गोष्ट आज नव्याने कळीची झाली आहे. कारखान्यांमागच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेशातली कुटुंबं राहतात. आई-बाप दोघंही शिफ्टला गेले की थोरली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. कुठे बाहेरून कडी, किल्ली शेजारणीपाशी. आजी गावाकडे. अशा मुलाला आश्रम नको, पाळणाघर हवं, आणि तेही शिफ्टच्या वेळा सांभाळणारं. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण कंत्राटी बाईच्या मुलाला तिथे शिरकाव मिळतो का, हे कुणीतरी विचारायला हवं.

बाप गेलेल्या किंवा आई आजारी असलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. मूल नातेवाइकांकडेच राहतं, शाळा सुटत नाही. तुमच्या कंपनीत, सोसायटीत, मंडळीत असं घर माहीत असेल तर संस्थेचा पत्ता शोधण्याआधी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा आणि त्या मुलासाठी योजनेचा अर्ज भरून द्या.