बुजलेली विहीर
(प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार)



आजच्या तिन्ही वाचनांतून पाणी वाहते आहे. पहिल्या वाचनात (निर्गम १७:३-७) रानात तहानलेले लोक मोशेशी भांडतात आणि देव खडकातून पाणी काढून देतो. दुसऱ्या वाचनात (रोम ५:१-२, ५-८) पाण्याचे नाव नाही, पण संत पौल सांगतो की, पवित्र आत्म्याच्या द्वारे देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. ओतणे हा शब्द पाण्याचाच. आणि शुभवर्तमानात (योहान ४:५-४२) भर दुपारी, थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो आहे.

विहीर म्हटली की आपल्या वसईच्या माणसाला अधिक काही सांगावे लागत नाही. आपल्या वाडवडिलांची वाडी विहिरीवर जगली. रहाट फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाटातून पाणी केळीला आणि पानवेलीला जायचे. आज रहाट राहिले नाहीत. पंप आला, मग बोअर आली, नळ आला आणि कित्येक घरांमागची विहीर हळूहळू बुजली. ती कोणी एका दिवसात बुजवली नाही. पाणी काढणे थांबले, झरा गाळाने भरला, मग घराची डागडुजी झाली तेव्हा विटांचे तुकडे त्यात गेले, मग कचरा. शेवटी मुले विचारू लागली, 'इथे विहीर होती?'

बायबलमध्ये बुजलेल्या विहिरींची एक गोष्ट आहे, ती फारशी वाचली जात नाही. उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाक आपल्या बापाच्या, अब्राहामाच्या विहिरी पुन्हा खणतो. पलिष्ट्यांनी त्या मातीने बुजवल्या होत्या. इसहाक त्या मोकळ्या करतो आणि बापाने दिलेली नावेच त्यांना पुन्हा देतो. त्याचे चाकर आणखी एक विहीर खणतात तर तिथले गुराखी म्हणतात, पाणी आमचे. त्या विहिरीचे नाव पडते एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणतात, तिच्यावरूनही वाद. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. इसहाक पुढे जातो आणि तिसरी खणतो. तिच्यावरून कोणी भांडत नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

बंधू-भगिनींनो, ह्या गोष्टीत आपल्या श्रद्धेचा इतिहास आहे. आपली श्रद्धा आपण खणलेली नाही, ती वाडवडिलांनी खणली. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. सत्तेचा आधार गेला, पण श्रद्धा गेली नाही. घराघरांतून रोझरी चालू राहिली, आयांनी मुलांना क्रूसाची खूण करायला शिकवले. ती विहीर आपल्याला आयती मिळाली. परंतु बापाची विहीर सातबाऱ्यावर आपल्या नावे होते, तिच्यातले पाणी मात्र आपल्यालाच ओढावे लागते. नाव ख्रिस्ती, आडनाव ख्रिस्ती, लग्न चर्चमध्ये, पण मिस्सा केवळ सणाला आणि मयताला, अशी आपली स्थिती असेल तर विहीर आहे, परंतु ती बुजत चालली आहे.

आणि बहुतेक वेळा ती कशाने बुजते? नास्तिक विचारांनी नव्हे. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. देव नाही म्हणणाऱ्यांचे ग्रंथही तेव्हा वाचले. परंतु धर्मग्रामात काम करताना आम्हाला असा माणूस क्वचितच भेटला, ज्याची श्रद्धा एखाद्या ग्रंथामुळे गेली. भांडणामुळे गेलेली मात्र अनेकांची पाहिली. एसेक आणि सितना ह्या विहिरी आपल्या गावांतही आहेत.

त्यांतील एका विहिरीविषयी आज सांगायचे आहे. ती आपल्या धर्मग्रामातील नाही आणि त्या घराची ओळख पटू नये एवढी काळजी आम्ही घेतली आहे. आम्ही तेव्हा दुसऱ्या ठिकाणी सहायक धर्मगुरू होतो. दीक्षा होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्या गावात दोन सख्खे भाऊ होते. वडिलार्जित घराची वाटणी झाली, मधल्या विहिरीत हक्क सामाईक राहिला. पाणी कोणी किती घ्यायचे ह्यावरून बोलाचाली झाली, मग बोलणेच बंद झाले. दोघांनी आपापल्या अंगणात बोअर मारल्या. दोन्ही बोअरना मचूळ पाणी लागले. मधली विहीर दोघांच्या राडारोड्याने भरत गेली. दोघेही रविवारी एकाच मिस्सेला यायचे. एक डाव्या बाजूच्या बाकावर, दुसरा उजव्या. शांतीची खूण देताना दोघेही मागे वळून भलत्यालाच हात जोडायचे. आणि मग दोघेही ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत यायचे. आम्ही ते पाहायचो आणि देत होतो.

एका वर्षी ह्याच प्रायश्चित्त काळात थोरला भाऊ संध्याकाळी आमच्याकडे आला. म्हणाला, ''फादर, एकदा माझ्याबरोबर धाकट्याच्या घरी चला. विहीर त्याच्या नावावर करून देतो. मी एकटा गेलो तर तो दार उघडणार नाही.''

आम्ही त्याला सांगितले, ''पास्काचा सण होऊ दे. मग निवांत जाऊ.''

कारणे खोटी नव्हती. पापनिवेदनासाठी रांगा होत्या, पवित्र आठवड्याची तयारी होती, क्रूसाच्या वाटेची तालीम होती. पास्काचा सण झाला. त्यानंतरच्या बुधवारी पहाटे थोरल्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला.

दफनविधीला धाकटा आला. सगळे गेल्यावर त्याने माती दिली. त्या दिवशी त्याला काही सांगण्याचा आम्हाला धीर झाला नाही. महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो आणि थोरला काय म्हणाला होता ते सांगितले. आम्ही त्याला थांबवले, हेही सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत बसला. मग म्हणाला, ''फादर, दादा एकटा आला असता तरी मी दार उघडलं असतं.''

ह्या वाक्याला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. आम्ही ते प्रायश्चित्त संस्कारात देवापुढे ठेवले आहे. क्षमा मिळाली ह्यावर आमची श्रद्धा आहे. पण तो बुधवार परत येत नाही.

त्या मे महिन्यात धाकट्याने आणि त्याच्या पुतण्याने मिळून विहीर उपसायला घेतली. विटा, काचा, गंजलेले पत्रे, फुटका पोहरा, आणि मग गाळ. काही दिवसांनी पाणी लागले. ते गोडे होते. उत्पत्तीच्या त्याच अध्यायात पुढे असे आहे की, ज्या दिवशी इसहाकाने वैऱ्यांना जेवू घालून शपथेने सलोखा केला, त्याच दिवशी चाकरांनी येऊन पाणी लागल्याची बातमी दिली. आम्ही पूर्वी तो योगायोग समजत होतो.

आता शुभवर्तमानाकडे वळू या. यहुदी आणि शोमरोनी ह्यांचा शतकांचा अबोला होता. तो कोणी मोडला? ज्याची चूक होती त्याने नव्हे. ज्याची काहीच चूक नव्हती त्याने. आणि त्याने उपदेशाने सुरुवात केली नाही, पाणी मागून सुरुवात केली. 'तुझ्याकडे असे काही आहे, ज्याची मला गरज आहे,' असे म्हणणे म्हणजे समोरच्याला मान देणे. आपण समेटाला जातो ते बहुधा हिशेब घेऊन. प्रभू रिकाम्या हातांनी, तहान घेऊन गेला. त्या स्त्रीच्या आयुष्यातला सगळा गाळ त्याला ठाऊक होता. त्याने तो झाकला नाही आणि त्यावरून तिला हिणवलेही नाही. ती आपली घागर तिथेच ठेवून गावात धावली. ज्या गावाला टाळण्यासाठी ती कदाचित भर दुपारी पाण्याला येत होती, त्याच गावात ती स्वतःहून गेली. नवीकरण झाल्याची खूण हीच की, ज्यांना टाळत होतो त्यांच्याकडे पाय वळतात.

सोरेन किर्केगार्ड नावाच्या डॅनिश तत्त्वचिंतकाने १८४७ साली ख्रिस्ती प्रीतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, शांत सरोवराचे पाणी जसे खोल, डोळ्यांना न दिसणाऱ्या झऱ्यांतून येते, तशी माणसाच्या प्रीतीची मुळे देवाच्या प्रीतीत असतात. हे ध्यानात घेतले तर एक मोठे ओझे उतरते. क्षमा करण्याइतके प्रेम आपल्यापाशी नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पाणी आपण निर्माण करत नाही. आपले काम गाळ काढण्याचे. झरा देवाचा आहे.

मग प्रार्थनेचे काय? आविलाची संत तेरेजा हिने १५६५ साली पूर्ण केलेल्या आत्मचरित्रात प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. पहिला प्रकार विहिरीतून हाताने पाणी ओढण्याचा, कष्टाचा. दुसरा रहाटाचा, तिसरा ओढ्याच्या पाण्याचा आणि चौथा पावसाचा, जिथे सगळे देवच करतो. आपल्या आज्यांना हे पुस्तक वाचून दाखवले असते तर रहाटाचे वर्णन ऐकून त्या हसल्या असत्या. आपण बहुतेक जण पहिल्या प्रकारातले. रोझरीत लक्ष लागत नाही, बायबल उघडले की झोप येते. तरीही दोर सोडू नये. संत तेरेजाने स्वतः अनेक वर्षे कोरडेपणा सोसला.

धर्मग्रामात सतत धावपळ करणाऱ्यांना, आणि त्यांत आम्हीही आलो, आणखी एक सांगणे आहे. टँकर भरभरून उपसा झाला तेव्हा आपल्या गोड्या विहिरी खाऱ्या झाल्या, हे वसईने पाहिले आहे. जिथे नुसता उपसा होतो आणि पाणी मुरत नाही, तिथे समुद्र आत शिरतो. सेवा करताकरता आपली जीभ खारट झाली असेल, तर समजावे की प्रार्थना कमी पडते आहे.

जुबिली वर्ष ६ जानेवारी २०२६ रोजी संपले आणि रोममधील पवित्र दार बंद झाले. शेजारच्या घराचे दार मात्र अजून ठोठावता येते. म्हणून ह्या आठवड्यासाठी तीनच गोष्टी सुचवतो. रोज रात्री रोझरीपूर्वी आजचे शुभवर्तमान थोडे थोडे वाचून पाच मिनिटे शांत बसावे. पास्कापूर्वी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आणि ज्या एका व्यक्तीचे नाव हे वाचताना आपल्या मनात आले, तिच्याकडे जावे. हिशेब घेऊन नव्हे, पाणी मागायला जावे.

दार उघडणार नाही असे वाटत असले तरी जावे. एकट्याने जाणे अवघड वाटत असेल तर आम्हाला हाक मारावी, रात्री-अपरात्री मारावी. पास्का होऊ दे, असे आम्ही आता कोणाला म्हणत नाही.

हे प्रभू येशू, विहिरीवर बसून तू आमची वाट पाहतोस. आमच्या अंतःकरणातला गाळ काढण्याचे बळ आम्हाला दे. आमच्या घरांमधला अबोला तुझ्या प्रीतीने संपव. आमेन.

आपले धर्मगुरू