गाभोळी

मृगाचा पाऊस दोन दिवस मन लावून पडला की आमच्या सिंधुदुर्गात ओढ्याचं पाणी शेतात शिरतं, आणि मासे पाण्याच्या उलटे चढायला लागतात. चढणीचे मासे. खवळे, मळये असलेच, बोटभर ते वीतभर. अंडी घालायला उथळ जागा शोधत येतात आणि बांधाच्या तोंडाशी लावलेल्या बांबूच्या टोपलीत पडतात.

चव मात्र अशी की काय सांगू! गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास असतो, म्हणून आगळ जरा सढळ हातानं. मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसूण चोळून तासभर ठेवायचे. तोवर पाट्यावर ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर लोण्यासारखी वाटायची आणि नारळाच्या दाट रसात सैल करायची. ही चटणी शिजवायची नाही. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला मासा कढत आणि चटणी गार, तरच मजा.

पण पोटात गाभोळी असते. आजी टोपली उपसताना फुगलेल्या पोटाचे जिवंत मासे परत पाण्यात टाकायची. "पोटुशी आसा ती, सोड तिका." मेलेले मात्र चुलीवर चढायचे, गाभोळीसकट. वडील वैतागायचे, "मी सोडलंय तरी खालच्या बांधावरचो धरतलोच!"

आजीचं वागणं भाबडं म्हणून सोडून देता येतं. वडिलांच्या बोलण्याला उत्तर देणं अवघड. खालचा खरंच धरतो. शिवाय एका माशाच्या पोटात हजारो अंडी, त्यातली जगतात मूठभर. टोपलीभर मासे गेले तर ओढ्याला काय फरक पडतो? त्या दिवसांत समुद्राची मासळीही घरात नसायची, सुकटीवर किती दिवस काढणार? भुकेल्या घरानं गाभोळी खाल्ली तर मी तिला पाप म्हणणार नाही.

पण टोपली तेव्हाची. आता काही जण ओढ्यात विजेची तार सोडतात, कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं. त्यात पिल्लू, बेडूक, खेकडा, सगळंच मरतं. आणि विचारलं तर उत्तर तेच, वडिलांचं: मी नाही तर खालचा. टोपलीला शोभणारं उत्तर तारेला कसं शोभेल? समुद्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ओढ्यावर कोण बसणार पहाऱ्याला? तिथं आजीसारखं कोणीतरी हवं, आणि ते कायद्यानं नेमता येत नाही.

गेल्या पावसात पुतण्याला म्हटलं, पहिले आठ दिवस टोपली लावू नकोस, चढू दे त्यांना. तो म्हणाला, "काका, पयल्या आठ दिवसांतच तर चव आसता." तेही खरंच आहे. शेवटी तो चार दिवसांवर आला. तारवाल्यांशी बोलायला मात्र आम्ही दोघं मिळून गेलो. दोघांनी ऐकलं, तिसऱ्यानं दारच उघडलं नाही.