मागितले ते दिले. कर्तव्य संपले काय?

मोटारसायकल चौकात थांबली की बंद पडते, ही तक्रार घेऊन मनुष्य गॅरेजमध्ये जातो. "जरा रेस वाढवून द्या," एवढेच त्याचे मागणे असते. मिस्त्री कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव फेरा आत फिरवितो. इंजिन बंद पडायचे थांबते आणि गिऱ्हाईक समाधानाने निघून जाते. मागणाऱ्याला मागितलेले मिळाले, देणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले. मग यात नीतीचा प्रश्न कोठे आला? तो आहे, आणि तो कळण्यासाठी त्या लहानशा स्क्रूचे काम आधी समजून घेतले पाहिजे.

हातातील मूठ सोडलेली असताना, काही भार न ओढता इंजिन ज्या मंद गतीने चालू राहते, तिला आयडलिंग म्हणतात. शंभर सी.सी.च्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीत ही गती मिनिटाला सुमारे १४०० फेरे असते. मूठ सोडली म्हणजे कार्ब्युरेटरमधील स्लाइड खाली येऊन हवेची वाट जवळजवळ मिटते, आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल येणे थांबते. अशा वेळी इंजिनाला जगविण्यासाठी पायलट जेट नावाची एक निराळी वाट ठेवलेली असते. तिचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर ते छिद्र बुजवून टाकतो.

बाहेरून फिरविता येतील असे स्क्रू दोन असतात. एक स्लाइडला टेकू देतो. तो आत घेतला की स्लाइड किंचित उचलली जाते व गती वाढते. दुसरा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ठरवितो. योग्य रीत अशी की इंजिन चांगले गरम होऊ द्यावे, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत चालेल ती जागा शोधावी, आणि मग पहिल्या स्क्रूने गती बेताची करावी. हे दोन्ही स्क्रू फिरवूनही गाडी मंद चालीवर टिकत नसेल, तर दोष स्क्रूंच्या पलीकडे आहे असे समजावे. जेट बुजलेला असेल, कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील रबर चिरून नको ती हवा आत शिरत असेल, किंवा व्हॉल्व्हची फट बिघडलेली असेल.

आता पाव फेऱ्याने काय घडले ते पाहा. स्लाइड उचलली गेल्याने पेट्रोलला दुसरी वाट मोकळी झाली. जेट बुजलेला होता, तो बुजलेलाच राहिला. गाडी बंद पडेना, पण विनाकारण पेट्रोल जळू लागले, पहिला गिअर टाकताना खटका बसू लागला, आणि मूठ सोडल्यावर इंजिनाने गाडीला जो रोध द्यावा तो कमी झाला. तक्रार गेली, दोष राहिला. इतकेच नव्हे, तर त्या दोषाची खूण देणारे एकमेव लक्षणही आपण बंद केले.

कोणी म्हणेल, "गिऱ्हाइकाने मागितले ते मिस्त्रीने दिले. खोटे तो एक शब्दही बोलला नाही." हे खरे आहे. परंतु गिऱ्हाईक रेस मागतो, कारण त्याला दुसरे काही मागता येत नाही. त्याला पायलट जेट ठाऊक नाही. त्याला हवी असते नीट चालणारी गाडी, आणि तिच्यासाठी त्याच्यापाशी असलेला शब्द तो वापरतो. जाणत्या माणसाने अजाणत्याचा शब्द पकडून त्याचा हेतू सोडून द्यावा, हा प्रामाणिकपणा नव्हे.

म्हणून तो स्क्रू फिरविणेच पाप आहे, असे मात्र नाही. रात्रीची वेळ आहे, घरी कोणी आजारी आहे, गाडी आत्ता चालली पाहिजे. अशा वेळी पाव फेरा देणे हे उपकाराचेच काम होय. फरक पडतो तो एका वाक्याने: "आज रेस वाढवून दिली आहे, पण जेट साफ करावा लागेल, सवडीने गाडी आणा." हात तोच, स्क्रू तोच, परंतु हे वाक्य बोलले गेले तर ती मदत ठरते, आणि गिळले गेले तर ती फसवणूक ठरते. अपराध फेऱ्यात नसून मौनात आहे.

यात तिसरा मनुष्यही आहे, त्याला आपण विसरतो. पेट्रोलच्या गाडीचा धूर तपासतात तो याच मंद चालीवर. २००४ साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत, व त्यानंतरच्या दुचाकीच्या धुरात ३.५ टक्क्यांपर्यंत चालतो. तपासणीपुरते मिश्रण पातळ करून दाखला घ्यावा आणि बाहेर येताच स्क्रू पुन्हा पूर्ववत् फिरवावा, ही युक्ती सोपी आहे. पण हा वायू रंगहीन व गंधहीन आहे, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चौकात मागे उभ्या असलेल्या सायकलवाल्याला तो दिसत नाही. दाखला आपल्या खिशात असतो, वायू त्याच्या छातीत जातो.

सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारून मोकळे होणेही न्यायाचे नाही. एक कारागीर सांगतो, "कार्ब्युरेटर उघडावा लागेल, दोन तास लागतील." आपण घासाघीस करतो आणि शेजारच्या दुकानात जातो, जेथे दोन मिनिटांत काम होते. असे दहा वेळा घडले म्हणजे पहिलाही खरे बोलणे सोडून देतो. खरे सांगणाऱ्याला तोटा आणि गोड करून देणाऱ्याला धंदा, ही व्यवस्था आपण गिऱ्हाइकांनीच उभी केलेली असते. सत्य ऐकायचे असेल, तर त्याचे दोन तास व त्याची मजुरी देण्याची तयारी ठेवली पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता मंद चाल संगणक सांभाळतो, आणि बिघाड झाला की समोर दिवा लागतो. परंतु दोष तसाच ठेवून यंत्राने तो दिवा घालविणाराही भेटतो, आणि "तेवढा दिवा घालवा हो," म्हणणारा मालकही भेटतो. स्क्रू गेला, प्रश्न राहिला. वाचकहो, डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस, आईबाप, आपणांपैकी प्रत्येकाकडे कोणी ना कोणी अपुऱ्या शब्दांत काही मागायला येतो. त्याला मागितलेले द्यावे. पण आपल्याला दिसलेले आणि त्याला न दिसलेले जे आहे, तेही त्याला सांगून मगच त्याला जाऊ द्यावे.