प्रसाद हातावर पडतो तेव्हा

वाचन : २ राजे ५:१५-१९

गणपतीत शेजारी आरतीला बोलावतात. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांना हार चढतात, नारळ फुटतो आणि सगळ्यांबरोबर आपणही तिथे उभे असतो. शब्बाथशाळेत दहा आज्ञा पाठ करत मोठे झालेले मन अशा वेळी चलबिचल होते. हात जोडावेत का? प्रसाद घ्यावा का? नाही म्हणावे तर माणसे दुखावतात, हो म्हणावे तर मन खात राहते.

ही घालमेल फार जुनी आहे. अरामाच्या राजाचा सेनापती नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारून कोडापासून शुद्ध झाला. यापुढे परमेश्वराखेरीज कोणालाही अर्पण करायचे नाही, असे त्याने ठरवले. पण लगेच त्याला आपली चाकरी आठवली. राजा रिम्मोनाच्या मंदिरात जाईल, माझ्या हाताचा आधार घेईल, तेव्हा मलाही वाकावे लागेल. तेवढ्याची क्षमा व्हावी, अशी विनवणी त्याने अलीशाला केली. अलीशाने त्याला दटावले नाही, शांतीने निरोप दिला. आपण कोणाचे, हे नामानाने आधीच ठरवले होते. म्हणूनच तर त्याचे मन टोचत होते.

करिंथच्या मंडळीपुढे हाच पेच ताटात वाढून आला. पौलाने त्यांना सांगितले, मूर्तिपूजेपासून दूर राहा. बाजारातले मांस किंवा यजमानाने वाढलेले अन्न मात्र चौकशी न करता खा. ‘हा नैवेद्य आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीखातर खाऊ नका. आपल्या मोकळिकीमुळे दुर्बळ भावाला ठेच लागत असेल, तर ती मोकळीकही सोडा. देवाची भक्ती आणि माणसाची कदर, दोन्ही त्याने एकत्र सांभाळली.

म्हणून मन अस्वस्थ झाले की आधी पाहावे, ते कशामुळे झाले? इथे माझी भक्ती दुसऱ्या कोणाला वाहिली जात आहे, की हे मला केवळ अनोळखी आहे? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेला लावले. परक्या अंगणातले म्हणून त्यांनी ते टाकले असते, तर आपली उपासना केवढ्या धनाला मुकली असती! आणि तरीही, मूर्तीपुढे भक्तिभावाने वाकणे ही केवळ रीत नव्हे, ती पूजा आहे. तिथे मन अडते ते योग्यच आहे. त्या अडण्याची लाज वाटू देऊ नका, आणि त्यातून शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी तुच्छताही येऊ देऊ नका.

आरतीत हात जोडता येत नसतील, तर तसे शेजाऱ्याला आधीच, प्रेमाने सांगा. मग त्याच्या घरी जा, पाहुण्यांना पाणी द्या, त्याच्या आईजवळ बसा. तुमच्याच मंडळीतल्या एखाद्याने आपली सीमा दुसरीकडे आखली असेल, तर रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचा आणि त्याचा न्याय करू नका. तो आपल्या धन्याला उत्तर देईल. तुम्ही तुमचे उत्तर प्रभूपुढे प्रामाणिकपणे तयार ठेवा.