सर्प आणि उपयुक्ततेचा न्याय

ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या दमट अरण्यांत जरारका नांवाचा एक विषारी सर्प राहतो. आपल्याकडील घोणस व फुरसें ज्या कुळांत मोडतात, त्याच कुळांतला हा. याच्या विषाचा कुत्र्याच्या रक्तरसावर होणारा परिणाम तपासतांना साव पाउलो येथील रोशा इ सिल्व्हा व त्यांचे सहकारी यांना १९४८ सालीं रक्तवाहिन्या सैल करणारें एक द्रव्य सांपडलें. त्यास ब्रॅडिकायनिन हें नांव मिळालें. या द्रव्याचें बळ वाढविणारा घटक खुद्द विषांतच आहे, असें फेरेइरा यांनीं १९६५ सालीं दाखविलें. तोच धागा धरून अमेरिकेंतील रसायनज्ञांनीं कॅप्टोप्रिल हें रक्तदाबावरील औषध घडविलें व १९८१ सालीं त्यास तेथें मान्यता मिळाली.

ही कथा प्राणिरक्षणाचे कैवारी मोठ्या हौसेनें सांगतात. सर्पाला मारूं नका, कोण जाणे उद्यां त्याच्यापासून कोणतें औषध मिळेल, असा तिचा बोध. हेतु स्तुत्य खरा. पण युक्तिवाद टिकतो काय? कॅप्टोप्रिल आज कारखान्यांत तयार होतें. त्यास विषाचा एक थेंबही लागत नाहीं. केवळ उपयोगाचाच हिशेब मांडावयाचा, तर जरारकाचें देणें केव्हांच फिटलें. तो आतां खुशाल नष्ट व्हावा!

साव पाउलोच्या किनाऱ्यासमोर केइमादा ग्रांदे नांवाचें सुमारे ४३ हेक्टरांचें एक बेट आहे. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी चढली आणि तें मुख्य भूमीपासून तुटलें. जरारकाचाच सोनेरी भाऊबंद तेथें अडकला. तो जगांत अन्यत्र कोठेंही नाहीं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर त्याची गुजराण चालते. बेटावर मनुष्यवस्ती नाहीं. तेव्हां त्याचा आपणांस उपद्रव नाहीं आणि रूढ असा उपयोगही नाहीं. उपयुक्ततेच्या न्यायानें त्याच्या अस्तित्वाची किंमत शून्य. तरीही त्याच्या निर्वंशास संमति देण्यास कोणाही विचारी माणसाचें मन कचरेल. हें कचरणें उपयोगाच्या हिशेबांतून आलेलें नाहीं, एवढें उघड आहे. जें आपण निर्माण करूं शकत नाहीं तें कायमचें पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला, ही शंका त्याच्या मुळाशीं आहे.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नव्हे. दिव्याच्या उजेडांत बसून सर्पाविषयीं दया दाखविणें सोपें. अनवाणी शेतांत जाणाऱ्या मजुरानें काय करावें? इ. स. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें दरवर्षीं सरासरी ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. त्यांत खेड्यांतलींच बहुसंख्य. अंगणांत लेंकराजवळ आलेला नाग ज्यानें मारला, त्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु आत्मरक्षण वेगळें आणि वैर वेगळें. सर्पाच्या ठायीं दुष्ट बुद्धि नाहीं; म्हणून त्याचा अपराध नाहीं, आणि अपराध नाहीं तेथें शिक्षेचें प्रयोजन उरत नाहीं. शिवाय मजुराचा जीव वाचतो तो पायांतल्या जोड्यानें, हातांतल्या कंदिलानें आणि वेळेवर टोंचलेल्या लसीनें. साव पाउलोच्या बुटांटान संस्थेचे पहिले संचालक व्हितल ब्राझिल यांनीं दाखवून दिलें कीं, एका जातीच्या सर्पाविरुद्धची लस दुसऱ्या जातीच्या दंशावर चालेलच असें नाहीं. म्हणजे उपाय करावयाचा तरी सर्प ओळखला पाहिजे, आणि विष काढण्याकरितां तो जिवंत राखला पाहिजे.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे: जो अरण्यांतल्या सर्पाच्या रक्षणाचा आग्रह धरतो, त्यानें मजुराच्या जोड्याचा व जवळच्या दवाखान्यांतील लसीचा आग्रह तितक्याच जोरानें धरला पाहिजे. एरवीं आपली भूतदया म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जोडलेलें पुण्य ठरेल. आपल्याकडे साप दिसतांच काठी शोधणारा हातच श्रावणांत नागाच्या चित्रापुढें दूध-लाह्या ठेवतो. भीतीनें मारणें आणि भीतीनें पूजणें या दोहोंहून निराळी अशी एक वृत्ति आहे: त्यास ओळखावें, आपला माणूस सांभाळावा आणि त्याची वाट त्याला मोकळी ठेवावी.